अठरा विरुद्ध सतरा: आओस्ता खोऱ्यातल्या एका छोट्या पक्षाची फूट

26 मे 2013 रोजी इटलीच्या वायव्य टोकाला असलेल्या आओस्ता खोऱ्यात प्रादेशिक परिषदेची निवडणूक झाली. परिषदेत 35 जागा. ‘युनियों वाल्दोतेन’ या जुन्या पक्षाला 13 मिळाल्या आणि त्याच्या मित्रपक्षाला, स्टेला अल्पिनाला, 5. बेरीज 18, म्हणजे काठावरचे बहुमत. विरोधात 17 जण बसले. त्यात 7 होते ‘युनियों वाल्दोतेन प्रोग्रेसिस्त’चे. या पक्षाला जन्मून जेमतेम चार महिने झाले होते आणि त्याचे पुढारी कालपर्यंत समोरच्याच बाकांवर बसत होते. आणखी 5 जण ‘अल्पे’चे. त्यातही युनियों सोडून आलेले बरेच. उरलेले 3 डेमोक्रॅटिक पक्षाचे, 2 पंचतारा चळवळीचे.

या आकड्यांत एक गंमत आहे. खोऱ्याची स्वायत्तता हाच पहिला मुद्दा मानणारे चार पक्ष एकत्र धरले, तर 35 पैकी 30 जागा त्यांच्याकडे होत्या. रोमहून चालणाऱ्या पक्षांच्या वाट्याला सगळे मिळून 5. बर्लुस्कोनींच्या पक्षाला तर भोपळा. बाहेरच्यांचा इतका सफाया झालेला असताना स्वायत्ततावाद्यांचे सरकार एका मतावर लटकत होते आणि पुढच्या सात वर्षांत त्यांनी आपल्याच हाताने आपले घर जवळजवळ बसवले. हे कसे झाले, हा या प्रकरणाचा विषय. माझे मत आधीच सांगून टाकतो: युनियोंला कोणी हरवले नाही. मधली सगळी जागा एकाच पक्षाने व्यापली की विरोधालाही त्याच पक्षात जागा शोधावी लागते, आणि तिथे तो फार दिवस मावत नाही.

खोरे आणि त्याचा पक्ष

आओस्ता हा इटलीचा सर्वांत लहान प्रदेश. 3,263 चौरस किलोमीटर जागा, तीही बहुतेक उभी. एका बाजूला माँ ब्लाँ, दुसऱ्या बाजूला मॅटरहॉर्न. लोकवस्ती सव्वा लाखाच्या आत-बाहेर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याहूनही कमी. एवढ्यात 74 नगरपालिका. त्यांतल्या काहींत शंभर-दोनशे माणसे राहतात. शामुआ नावाच्या गावाला तर मोटारीचा रस्ताच नाही, पाळण्याने जायचे नाहीतर पायी. खालच्या मुख्य खोऱ्यातून दोरा नदी वाहते आणि बाजूच्या दऱ्यांत प्रत्येक गावाचा आपापला तोरा.

भाषेचा इतिहास हा या राजकारणाचा पाया. 1561 मध्ये साव्होयच्या ड्यूकने इथे लॅटिनऐवजी फ्रेंच ही कारभाराची भाषा केली. घरात आणि गोठ्यात मात्र फ्रँको-प्रोव्हेंसाल बोली. 1860 मध्ये साव्होय फ्रान्सला देऊन टाकले गेले आणि आल्प्सच्या अलीकडे हे एकटे फ्रेंचभाषक खोरे नव्या इटलीत उरले. मग फॅसिस्ट आले. शाळांतून फ्रेंच गेली, गावांची नावे बदलली. कूरमायरचे कोर्मायोरे झाले, ला थुईलचे पोर्ता लिट्टोरिया. आओस्ता शहरातल्या कोन्ये पोलाद कारखान्यात काम करायला व्हेनेतोपासून कालाब्रियापर्यंतचे लोक आले आणि लोकसंख्येचा तोल कायमचा बदलला.

याला विरोध करणाऱ्यांत एमिल शानू हा नोटरी होता. 19 डिसेंबर 1943 रोजी कीव्हास्सो इथे आल्प्समधल्या अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधींनी संघराज्याची मागणी करणारा जाहीरनामा काढला, त्यात त्याचा मोठा वाटा. मे 1944 मध्ये त्याला अटक झाली आणि कोठडीतच त्याचा अंत झाला. आओस्ताच्या मुख्य चौकाला आज त्याचे नाव आहे. त्याच्या मागे राहिलेल्यांनी 13 सप्टेंबर 1945 रोजी युनियों वाल्दोतेन स्थापन केली. सेव्हेरिनो काव्हेरी हे तिचे पहिले मोठे पुढारी. लाल-काळा रंग, मागच्या पायांवर उभा सिंह, आणि पक्षाचे कामकाज फ्रेंचमध्ये.

26 फेब्रुवारी 1948 च्या घटनात्मक कायद्याने खोऱ्याला विशेष दर्जा मिळाला. इटालियन आणि फ्रेंच या दोन्ही भाषा समान, शाळेत दोन्हींचे तास सारखे. इथे जिल्हा नाही आणि रोमने नेमलेला प्रीफेक्टही नाही. त्याची कामे प्रदेशाचा अध्यक्षच करतो. म्हणजे निवडून आलेला मुख्यमंत्री आणि कलेक्टर एकाच माणसात. अध्यक्षाची खुर्ची इथे एवढी जड का, हे यावरून कळते. पुढे जे काही घडले, ते सगळे या खुर्चीभोवतीच घडले.

मध्यम मार्ग म्हणजे नेमके काय

युनियोंला मध्यममार्गी म्हणतात. पण तिच्याकडे मध्यममार्गाचे काही तत्त्वज्ञान होते असे समजू नये. तिचा हिशेब साधा होता: रोममध्ये जो कोणी बसला असेल त्याच्याशी बोलणी करायची आहेत, तर कायमचा कोणाचा होऊन कसे चालेल? 1949 मध्ये ती ख्रिश्चन डेमोक्रॅटांबरोबर होती. दहा वर्षांनी, 1959 मध्ये, तीच युनियों कम्युनिस्ट आणि समाजवाद्यांबरोबर एकाच यादीवर लढली आणि त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे 35 पैकी 25 जागा घेऊन गेली. शीतयुद्ध ऐन भरात असताना, कॅथलिक शेतकऱ्यांच्या मतांवर उभ्या असलेल्या पक्षाने असे करणे ही छोटी गोष्ट नव्हती. पुढे पुन्हा उजवीकडे, पुन्हा मधे. रोममध्येही तेच. खोऱ्यातून एक खासदार आणि एक सिनेटर जातो. एवढ्याशा बळावर सौदा करायचा, तर दोन्ही दारे उघडी ठेवावी लागतात.

सौदा कशाचा? मुख्यतः पैशाचा. विशेष दर्जाच्या कायद्याचे चौदावे कलम खोऱ्याला जकातमुक्त क्षेत्र ठरवते. ते आजतागायत अमलात आलेले नाही. त्याच्या बदल्यात 1949 च्या कायद्याने रहिवाशांना काही वस्तू ठरावीक प्रमाणात करमुक्त मिळू लागल्या. साखर, कॉफी, दारू आणि सगळ्यांत लाडके म्हणजे पेट्रोल. पेट्रोलची कुपने घरोघरी यायची. टोरिनोहून आलेल्या पाहुण्याला पंपावर पूर्ण भाव मोजावा लागे आणि खोऱ्यातल्या माणसाला नाही. स्वायत्तता म्हणजे काय, हे घटनेच्या कलमांपेक्षा त्या कुपनांनी लोकांना जास्त चांगले समजावले असणार. ती पुढे बंद झाली, पण ‘आपण वेगळे, म्हणून आपल्याला जास्त’ ही सवय लागली ती लागलीच.

खरी उलथापालथ 1981 मध्ये झाली. त्या वर्षीच्या 690 क्रमांकाच्या कायद्याने खोऱ्यात गोळा होणाऱ्या बहुतेक करांचे नऊ-दशांश प्रदेशाकडेच राहू लागले. सव्वा लाख लोक, पर्यटन, बोगद्यांतून जाणारी वाहतूक, सेंव्हिन्सेंटचा 1947 पासूनचा कॅसिनो, आणि हातात एवढा महसूल. 2000 नंतर प्रदेशाने एनेल या राष्ट्रीय वीज कंपनीकडून खोऱ्यातली जलविद्युत केंद्रेही विकत घेतली. प्रदेशाचे सरकार हेच सर्वांत मोठे मालक, सर्वांत मोठे गुंतवणूकदार आणि सर्वांत मोठे दाते झाले. सरकारी नोकरीसाठी फ्रेंचची परीक्षा लागते. 2001 च्या एका भाषिक पाहणीत फ्रेंच ही आपली मातृभाषा म्हणणारे शंभरात जेमतेम एक निघाले, बोली सांगणारे सोळाच्या आसपास, बाकी बहुतेक इटालियनवाले. तरी फ्रेंचचे राजकीय वजन कमी झाले नाही, कारण ती आता नोकरीच्या दाराची किल्ली होती.

मतांचा चढता आलेख याच काळातला. 1973 मध्ये युनियोंला 11.6 टक्के, 1978 मध्ये 24.8, 1988 मध्ये 34.2. मग 1992 नंतर भ्रष्टाचाराच्या खटल्यांत ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष देशभर कोसळला आणि खोऱ्यातला त्यांचा मतदार आपसूक युनियोंच्या दारात आला. 1998 मध्ये 42.6 टक्के. 2003 मध्ये 47.2 टक्के आणि 18 जागा, म्हणजे एकट्याचे बहुमत. ही पक्षाच्या वैभवाची शिखरावस्था. कोणाशी आघाडी करायची गरज उरली नाही, आणि गरज उरली नाही तसे भांडण मिटवायलाही कोणी बाहेरचा उरला नाही.

पहिल्या भेगा

एकट्याच्या बहुमताचे सरकार पाच वर्षे सुखाने चालायला हवे होते. तसे झाले नाही. 2003 मध्ये अध्यक्ष झालेले कार्लो पेरिन 2005 मध्ये पायउतार झाले आणि त्यांच्या जागी लुचियानो काव्हेरी आले. सेव्हेरिनोंचे हे पुतणे, दीर्घकाळ खासदार राहिलेले. पेरिन आणि त्यांच्याआधीचे अध्यक्ष रोबेर्तो लुव्हँ यांनी पक्ष सोडून वेगवेगळ्या चुली मांडल्या. 2006 च्या राष्ट्रीय निवडणुकीत या फुटलेल्यांनी डाव्यांशी हात मिळवला आणि खोऱ्याची खासदारकी आणि सिनेटरकी दोन्ही नेली. सिनेटर झाले खुद्द पेरिन. युनियोंने आपल्याच माजी अध्यक्षाकडून मार खाल्ला होता.

यातून धडा घेतला गेला नाही असे नाही, घेतला, पण उलटा. 2008 मध्ये ऑगुस्तो रोलांदिन पुन्हा अध्यक्षपदी आले. 1984 ते 1990 मध्ये ते अध्यक्ष होते, नंतर सिनेटरही. घट्ट मूठ, गावागावातली माणसे नावानिशी ठाऊक. पक्ष सैल पडला म्हणून फुटला असे निदान झाले आणि औषध म्हणून दोरी आणखी आवळली गेली. 2008 ला 44.4 टक्के आणि 17 जागा मिळाल्या, म्हणजे औषध लागू पडल्यासारखे दिसलेही. 2010 मध्ये बाहेर पडलेल्या गटांनी एकत्र येऊन अल्पे हा पक्ष काढला, तेव्हा युनियोंमध्ये फारसे कोणी कपाळाला आठी घातली नसेल.

इथे मतदानाची पद्धत थोडी समजून घ्यावी लागते. तेव्हा मतदाराला पक्षाच्या यादीवर शिक्का मारून त्यातल्या तिघांपर्यंत पसंती देता येत असे. आता गणित करा: एका टक्क्याला खोऱ्यात सुमारे सातशे मते. पन्नास-साठ मतदारांच्या गावात कोणत्या तीन नावांची जोडी किती वेळा निघाली, हे मोजणाऱ्याला दिसते. कोणत्या आडनावाच्या घराने कोणाला मते दिली, याचा अंदाज बांधायला गुप्तहेर लागत नाही. शिवाय खरी झुंज पक्षा-पक्षांत नसून एकाच यादीतल्या उमेदवारांत लागते. त्रिकुटे ठरतात, एक त्रिकूट दुसऱ्याचा पाय ओढते. पुढे काही काळ पसंती एकावर आणली गेली, ती उगाच नव्हे. पण 2013 ला आणि 2018 ला त्रिकुटांचेच राज्य होते.

कचऱ्यावरून पडलेली ठिणगी

आणि मग कचरा आला. खोऱ्याचा सगळा कचरा आओस्ताजवळच्या ब्रिसोन्यच्या केंद्रात जमा होतो. तिथली जागा संपत आली होती. रोलांदिन सरकारने पायरोगॅसिफायर बसवायचे ठरवले, म्हणजे कचरा प्रचंड तापवून त्याचा वायू करणारे यंत्र. खर्च मोठा, तंत्रज्ञान वादग्रस्त, आणि सव्वा लाख लोकांच्या कचऱ्याला एवढे यंत्र कशाला, हा अगदी गृहिणीलाही पडणारा प्रश्न. ‘व्हाल्ले व्हिर्तुओझा’ या नागरिकांच्या समितीने सह्या गोळा केल्या आणि कचऱ्यावर उष्णतेची प्रक्रिया करण्यास बंदी घालणारा कायदा थेट लोकांसमोर मांडला. खोऱ्यात अशी सोय आहे: सार्वमताने जुना कायदा रद्दच नव्हे, नवा कायदाही करता येतो. अट एकच, किमान 45 टक्के मतदान.

इटलीत सार्वमत पाडायचा रुळलेला मार्ग म्हणजे ‘नाही’चा प्रचार न करणे. घरी बसा, गणपूर्ती होत नाही, विषय संपतो. सरकार यंत्राच्या बाजूने आणि सरकारचा खोऱ्यावरचा पगडा पाहता, हे सार्वमतही त्याच वाटेने जाईल असे मानायला जागा होती. 18 नोव्हेंबर 2012 रोजी 48.9 टक्के लोक बाहेर पडले आणि त्यांतल्या सुमारे 94 टक्क्यांनी बंदीच्या बाजूने मत दिले. इटलीत लोकांनी थेट कायदा करून घेण्याचे हे पहिले यशस्वी उदाहरण मानतात.

मला हा दिवस 2013 च्या निवडणुकीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. छोट्या जागेत मतदानाला जाणे हेच उघड मत असते. कोण शाळेत गेले, कोण नाही, हे शेजाऱ्याला दिसते. तरीही निम्मे खोरे गेले. यातले हजारो लोक युनियोंचेच मतदार असणार, कारण इतके मतदार दुसऱ्या कोणाकडे नव्हतेच. त्यांना डावे व्हायचे नव्हते, रोमच्या पक्षाला मत द्यायचे नव्हते, स्वायत्ततेवरचा विश्वासही ढळला नव्हता. त्यांना फक्त हे सरकार नको होते. अशा माणसाला उद्या मत कोणाला द्यायचे, हा प्रश्न मोकळा पडला होता.

दोन महिन्यांत उत्तर आले. जानेवारी 2013 मध्ये युनियों वाल्दोतेन प्रोग्रेसिस्त स्थापन झाली. पुढे होते लोरां व्हिएरिन, रोलांदिन सरकारात शिक्षण आणि संस्कृती खाते सांभाळलेले आणि माजी अध्यक्ष दिनो व्हिएरिन यांचे चिरंजीव. बरोबर लुचियानो काव्हेरी. म्हणजे पक्षाची दोन नामांकित घराणी बाहेर पडली होती. नावही उसने नव्हते, घरातलेच होते: 1973 मध्ये युनियोंचा डावा गट फुटला तेव्हा त्यानेही हेच नाव घेतले होते. मे महिन्यात नव्या पक्षाला 19.2 टक्के मते पडली, जुन्याला 33.5. दोन्हींची बेरीज 52.7. घर मोडले होते, पण मते खोऱ्याबाहेर कुठेच गेली नव्हती.

पैशाचीही बाजू आहे आणि ती कमी लेखू नये. 2011 नंतर देशावर कर्जसंकट आले, रोमने काटकसर सुरू केली आणि विशेष दर्जाच्या प्रदेशांकडून मोठा वाटा कापून घेतला. तीस वर्षे वाटप करून जमवलेली माणसे वाटायचे कमी झाल्यावर कशी टिकवायची, याचे उत्तर युनियोंकडे नव्हते. माझ्या मते कचऱ्याचे यंत्र निमित्त होते आणि रोलांदिन यांची मूठ हे कारण होते, पण पैसा पूर्वीसारखा असता तर दोन्ही गोष्टी पोटात घातल्या गेल्या असत्या.

खुर्ची फिरते

एका मताच्या बहुमतावर रोलांदिन यांनी तीन वर्षे काढली. 2016 मध्ये मात्र त्यांना फुटून गेलेल्या व्हिएरिन गटालाच सरकारात घ्यावे लागले. तह फार टिकला नाही. खोऱ्यात रचनात्मक अविश्वास ठरावाची पद्धत आहे: अध्यक्षाला काढायचे तर त्याच ठरावात नवा अध्यक्ष सुचवावा लागतो. सरकारे स्थिर राहावीत म्हणून ही तरतूद. मार्च 2017 मध्ये याच तरतुदीने रोलांदिन गेले आणि स्टेला अल्पिनाचे पिएरलुईजी मार्की आले. ऑक्टोबरमध्ये याच तरतुदीने मार्की गेले आणि लोरां व्हिएरिन आले, तेही युनियोंच्या पाठिंब्यावर. एका वर्षात तीन अध्यक्ष. ठरावात पुढचे नाव द्यावे लागते ही अट अडसर ठरली नाही, कारण प्रत्येकाच्या खिशात एक नाव तयारच होते.

20 मे 2018 च्या निवडणुकीने याचा हिशेब चुकता केला. मतदान 73 टक्क्यांवरून 65 वर घसरले. युनियोंला 19.3 टक्के आणि 7 जागा. प्रत्यक्ष मते पाच वर्षांत जवळजवळ निम्मी. प्रोग्रेसिस्तला 4. काव्हेरींनी मधल्या काळात तिथूनही निघून ‘मूव्ह’ नावाची तिसरी चूल मांडली होती, तिला 3. अल्पेला 3. आणि मात्तेओ साल्व्हिनींच्या लेगा या उजव्या राष्ट्रीय पक्षाला, जिला खोऱ्यात आजवर कोणी फारसे गंभीरपणे घेतले नव्हते, 17.1 टक्के आणि 7 जागा. युनियोंच्या बरोबरीने.

मग जे घडले ते मी दोनदा तपासून पाहावे असेच आहे. जूनमध्ये लेगाच्या निकोलेत्ता स्पेलगाट्टी अध्यक्ष झाल्या. खोऱ्याच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष, आणि 1945 पासून ज्या राष्ट्रीय पक्षांपासून खोरे राखायचे म्हणून हे सगळे राजकारण उभे राहिले त्यांतल्या एकाच्या प्रतिनिधी. त्यांना खुर्चीवर बसवायला हात कोणी दिला? मूव्ह आणि अल्पे या स्वायत्ततावादी गटांनी. युनियोंच्या घरातून निघालेल्यांना युनियों परत येण्यापेक्षा लेगा बरी वाटली. घरची भांडणे विकोपाला गेली की माणसे अशीच वागतात, पण राजकीय पक्षाला हे परवडत नाही.

ते सरकार सहा महिनेही पुरले नाही. डिसेंबर 2018 मध्ये पुन्हा तोच ठराव, पुन्हा नवा अध्यक्ष: अंतोनियो फॉसों, कधीकाळी युनियोंच्या आघाडीचे सिनेटर. त्यानंतर वर्षभरात खोऱ्यावर कालाब्रियाच्या ’न्द्रांगेता या माफिया टोळीचे सावट आले. जानेवारी 2019 मध्ये मोठी पोलीस कारवाई झाली. डिसेंबरमध्ये मतांच्या देवघेवीच्या चौकशीची बातमी फुटली आणि फॉसों यांनी राजीनामा दिला. चौकशी म्हणजे दोष नव्हे, हे इथे ठळकपणे सांगायला हवे. पण फेब्रुवारी 2020 मध्ये सेंपिएर गावाची नगरपालिका टोळीच्या शिरकावाच्या कारणाने सरकारने बरखास्त केली. आल्प्समधल्या स्वच्छ, श्रीमंत खोऱ्याची स्वतःविषयीची जी कल्पना होती, तिला हा मोठा धक्का होता. जिथे थोडक्या पसंतीच्या मतांवर माणूस निवडून येतो, तिथे एक गठ्ठा हातात असलेल्याचे मोल काय असते, हे वेगळे सांगायला नको.

परिषद मुदतीआधी विसर्जित झाली. सप्टेंबर 2020 मध्ये युनियोंला 15.8 टक्के, 1973 नंतरची नीचांकी. लेगाला 23.9 टक्के आणि 11 जागा, खोऱ्यातला पहिल्या क्रमांकाचा पक्ष. रोलांदिन स्वतः ‘पूर लोतोनोमी’ या वेगळ्याच यादीवर उभे होते. म्हणजे ज्यांच्यामुळे पक्ष फुटला असे फुटलेले म्हणत, ते गृहस्थही आता बाहेर होते.

परतीची वाट

गंमत अशी की तळ गाठल्यावरच गोष्टी सोप्या झाल्या. 11 जागांची लेगा समोर बसलेली असताना बाकीच्यांना एकत्र यायला वेगळे कारण लागले नाही. स्वायत्ततावादी गट आणि डावे-पर्यावरणवादी मिळून सरकार झाले, एरिक लावेव्हाझ अध्यक्ष झाले, दोघेही घटक आतून कुरकुरत राहिले. 2023 मध्ये लावेव्हाझ गेले आणि युनियोंचेच रेन्झो टेस्टोलिन आले. 2022 च्या राष्ट्रीय निवडणुकीत खासदारकी स्वायत्ततावादी फ्रँको मानेस यांना मिळाली, सिनेटरकी मात्र स्पेलगाट्टींकडे गेली. या विभागणीने उरल्यासुरल्यांचेही डोळे उघडले असावेत.

फुटलेल्या गटांनी आधी आपापसात विलीन होऊन पाहिले. प्रोग्रेसिस्त आणि अल्पे मिळून ‘आलियांस वाल्दोतेन’, मूव्ह आणि इतर मिळून ‘व्हाले दाओस्त युनी’. नावे वाढली, मते वाढली नाहीत. शेवटी 2024 पर्यंत हे गट मूळ युनियोंमध्ये परतले. काव्हेरी आले, बाकीचेही आले. सगळे मात्र आले नाहीत: स्टेला अल्पिना आणि पूर लोतोनोमी यांनी मध्यममार्गी स्वायत्ततावाद्यांची स्वतःची यादी उभी केली. म्हणजे मध्यालाही आता मध्य लागतो.

28 सप्टेंबर 2025 च्या निवडणुकीत युनियोंला सुमारे 32 टक्के मते मिळाली आणि ती पुन्हा पहिली आली. टेस्टोलिन पुन्हा अध्यक्ष झाले. पाच वर्षांत दुप्पट, असे पक्षाने म्हटले तर ते खोटे नाही. पण 2013 चा कागद शेजारी ठेवला की दुसरे काही दिसते. तेव्हा प्रोग्रेसिस्तने 19 टक्के ओढून नेल्यावरही जुन्या युनियोंकडे 33.5 उरले होते. आता त्यांतले बहुतेक परत आल्यावर ती 32 वर आहे. मधले वीस टक्के कुठे गेले? थोडे मध्यममार्ग्यांच्या वेगळ्या यादीकडे, थोडे उजव्या राष्ट्रीय पक्षांकडे, जे आता खोऱ्यात पाय रोवून आहेत. आणि बरेच कुठेच नाही: या वेळी मतदान 63 टक्क्यांच्या आसपास झाले, बारा वर्षांपूर्वीपेक्षा दहा टक्के कमी. पुढारी घरी परतले, मतदारांपैकी पुष्कळ जण स्वतःच्या घरीच बसले.